दंडातली बेटकुळी

हात कोपरात दुमडून मूठ घट्ट वळली की दंडावर जो गोळा येतो, त्याला मराठीत बेटकुळी म्हणतात. काही जण बेडकुळीही म्हणतात. शब्द सरळ बेडकाशी नातं सांगणारा. कातडीखाली बेडूक दबा धरून बसावा तसा तो गोळा दिसतो खरा. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमध्ये 'मुस्क्युलुस' म्हणजे छोटा उंदीर, आणि इंग्रजीतला 'मसल' तिथूनच आला. या दोन उपमांत आपली सरस आहे, असं माझं मत आहे. अभिमानापोटी म्हणत नाही. स्नायू कसा आकसतो हे माणसाला उमगलं ते पुष्कळ अंशी बेडकाच्या कृपेनं, म्हणून म्हणतो.

आज या गोळ्याचीच गोष्ट सांगायची आहे. हे वाचता वाचता एकदा हात दुमडून बघा. पुढचा गोळा वर आला, कडक झाला. आता तो फुगला का? म्हणजे फुग्यात हवा भरावी तसं त्यात बाहेरून काही आलं का? की आतलंच सामान इकडचं तिकडे झालं? प्रश्न शाळकरी पोरानं विचारावा इतका साधा आहे. त्याचं नीट उत्तर हाती यायला १९५४ साल उजाडावं लागलं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्या उत्तराचा निम्मा भाग त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एकदा सापडला होता, आणि मग चक्क हरवला होता.

त्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या अंगात ५०० पेशी आणि ९०० स्नायू असल्याचं सांगितलं आहे. पेशींची वाटणीही दिली आहे : हातापायांत ४००, धडात ६६ आणि मानेच्या वर ३४. आजचा वाचक इथे अडखळतो. कारण सुश्रुताची 'पेशी' म्हणजे आपला आजचा स्नायू, मांसाचा गोळा. आणि त्याचा 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून धरणारे चिवट बंध. मराठीनं पुढे दोन्ही शब्द उचलले आणि दोन्हींचे अर्थ फिरवले. पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक झाला, आणि बंधांचं नाव मांसाच्या गोळ्याला मिळालं. अर्थांची ही अदलाबदल लक्षात ठेवली की सुश्रुताचा ५०० हा आकडा आजच्या मोजणीच्या फार लांब राहत नाही. हाडांना जोडलेले आणि आपल्या इच्छेनं चालणारे स्नायू आज सहाशेहून जास्त मोजतात. प्रौढ माणसाच्या वजनातला साधारण चाळीस टक्के वाटा त्यांचाच. हृदयाचा स्नायू आणि आतड्यांचे स्नायू वेगळ्या जातीचे, ते आपल्या हुकमात नसतात.

पाश्चात्य वैद्यकात या विषयाची सूत्रं शतकानुशतकं गॅलनच्या हाती होती. हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. पर्गमम गावी त्यानं झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधल्या होत्या, त्यामुळे उघडे पडलेले स्नायू आणि तुटलेल्या कंडरा त्यानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून एक स्नायू हात दुमडतो तर त्याच्या उलट बाजूचा तो सरळ करतो, अशी जोड्यांची व्यवस्था असते, हे त्यानं बरोबर ओळखलं. पण ओढण्याचं बळ कुठून येतं? मेंदूतून मज्जातंतूंच्या पोकळीतून एक सूक्ष्म प्राणवायूसारखं तत्त्व वाहत येतं, ही कल्पना त्याच्याही आधीपासून ग्रीक वैद्यांत होती. ते तत्त्व स्नायूत शिरलं की स्नायू रुंदीला फुगतो आणि लांबीला आखूड होतो, असं मानलं जाई. ही कल्पना सतराव्या शतकापर्यंत टिकली. देकार्तसारख्या बुद्धिमान माणसानंही तीच नळ्या आणि झडपा लावून सजवली. डोळ्यांसमोर गोळा वर येतोय, मग तो फुगलाच असणार. यात कुणाला शंका यावी?

शंका आली ती आम्स्टरडॅमच्या एका औषधविक्याच्या मुलाला. यान स्वामरडॅम, जन्म १६३७. शिक्षणानं डॉक्टर, पण प्रॅक्टिस कधी केली नाही. सारा जीव किडे, माश्या आणि मधमाश्या चिरून बघण्यात. त्यानं बेडकाच्या मांडीचा स्नायू मज्जातंतूसकट सोडवून घेतला. आधी त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली : हा स्नायू शरीरापासून तोडलेला आहे, मेंदूशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, तरी मज्जातंतूला नुसतं डिवचलं की तो आकसतो. मग मेंदूतून काही वाहत येण्याचा प्रश्नच कुठे येतो? पुढे त्यानं तो स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला. नळीचं वरचं टोक निमुळतं, केसासारखं बारीक, आणि त्यात पाण्याचा एक थेंब. खालून एक बारीक तार अशी ओवलेली की ती ओढली की मज्जातंतू डिवचला जावा. युक्ती अशी की स्नायू फुगला तर नळीतली हवा दाबली जाऊन थेंब वर चढलाच पाहिजे.

त्यानं तार ओढली. स्नायू आकसला. थेंब वर चढला नाही; उलट किंचित खाली सरकल्यासारखा दिसला.

शरीरशास्त्राच्या इतिहासातले जे चार-दोन प्रयोग मला फार आवडतात त्यांत हा एक. खर्च काहीच नाही, आणि पंधराशे वर्षांची समजूत एका थेंबावर निकालात. स्वामरडॅमचा मित्र निकोलस स्टेनो यानं १६६७ साली केवळ भूमितीनं दाखवून दिलं होतं की तिरक्या धाग्यांचा गठ्ठा आखूड होताना जाड दिसू शकतो, त्यासाठी आकारमान वाढायची गरज नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसननं माणसाचा हातच पाण्याच्या नळकांड्यात घालून हेच पाहिलं; ते १६७७ साली छापून आलं. स्वामरडॅमचं काय झालं? तो मध्येच धर्माच्या नादी लागला, त्रेचाळिसाव्या वर्षी १६८० मध्ये वारला, आणि त्याचे कागद या हातातून त्या हातात फिरत राहिले. शेवटी लायडनच्या बोरहाव्हनं ते विकत घेऊन छापले, १७३७-३८ मध्ये. म्हणजे थेंबाची गोष्ट जगापुढे सविस्तर यायला प्रयोगकर्ता गेल्यानंतर सत्तावन्न वर्षं लागली.

पुढची बेडकाची गोष्ट बहुतेकांना शाळेपासून माहीत असते, म्हणून ती लांबवत नाही. बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी, विजेच्या स्पर्शानं उडणारे बेडकाचे पाय, १७९१ सालचा ग्रंथ, व्होल्टाशी वाद आणि त्या वादातून १८०० साली निघालेली पहिली बॅटरी. आपल्यापुरतं एवढंच की मज्जातंतूतून वाहणारं ते गूढ तत्त्व विजेच्या जातीचं निघालं. पण निरोप विजेचा असला तरी तो पोहोचल्यावर स्नायूत नेमकं काय होतं, हा प्रश्न तिथेच राहिला.

त्यासाठी आत डोकवायला हवं होतं. नारळाच्या काथ्याचा जाड दोर कधी उसवून पाहिला असेल तर स्नायूची रचना समजायला सोपी जाते. दोर उलगडला की पेड निघतात, पेडातून सुतळ्या, सुतळीतून तंतू. स्नायूचंही तसंच. आवरणात बांधलेले जुडगे, जुडग्यात स्नायुतंतू. हा एकेक तंतू म्हणजे एकेक पेशी, पण पेशी कसली, कित्येकदा काही सेंटिमीटर लांब आणि केसाएवढी किंवा त्याहून बारीक, आणि तिच्यात एक सोडून शेकडो केंद्रकं. या तंतूच्या पोटात आणखी बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीचे शेकडो धागे. आणि या धाग्यावर, साप किंवा मण्यार आठवावी असे, आडवे पट्टे : एक काळसर, एक फिकट, पुन्हा काळसर. लेव्हेनहुकनं सतराव्या शतकातच हे पट्टे पाहिले होते. लंडनच्या विल्यम बोमननं १८४० मध्ये त्यांचं बारकाईनं वर्णन केलं. फिकट पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेघ असते. अशा दोन रेघांमधला तुकडा म्हणजे स्नायूचा सर्वांत लहान चालता घटक, सार्कोमिअर. एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे चारशे तुकडे ओळीनं बसतात.

आता हरवलेल्या उत्तराकडे येऊ. १८६०च्या दशकापासून जर्मनीत काही सूक्ष्मदर्शकवाले लोक मान मोडून हे पट्टे मोजत बसले होते. विल्हेल्म क्राउझे हे त्यांतले एक महत्त्वाचे नाव. त्यांना दिसलं असं की स्नायू आकसताना फिकट पट्टा अरुंद होतो, काळ्याची रुंदी मात्र तशीच राहते. क्राउझेंनी तर काळ्या पट्ट्यात न बदलणाऱ्या लांबीच्या काड्या असाव्यात, असंही सुचवलं होतं. आज पाहता त्यांनी कुलपाला किल्ली लावली होती, फिरवायची तेवढी राहिली होती. पण विसावं शतक लागता लागता हे निरीक्षण पाठ्यपुस्तकांतून गळालं. पुढची पन्नास वर्षं बहुतेकांची समजूत अशी की स्नायूतले लांबच लांब रेणू स्प्रिंगसारखे गुंडाळले जातात आणि म्हणून तो आखूड होतो. ते का गळालं, याकडे शेवटी वळतो.

मधल्या पन्नास वर्षांत मैदान रसायनशास्त्रज्ञांनी गाजवलं. दमलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं हे माहीत होतं, आणि हे आम्लच आकुंचन घडवतं असा सिद्धांत मांडला गेला. स्नायूंवरच्या कामासाठी इंग्लंडचे ए. व्ही. हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहोफ यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. १९३० मध्ये कोपनहेगनच्या एनार लुंड्सगार्डनं एक विष वापरून स्नायूतलं लॅक्टिक आम्ल तयार होणंच बंद केलं, तरी स्नायू आकसत राहिला. मग शक्ती कुठली? याचं उत्तर देणाऱ्यांत एक आपला माणूस होता. आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२७ मध्ये स्नायूतला फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ ओळखला. विश्रांतीत तो भरपूर असतो, कामाला लागलं की भराभर खर्च होतो, थांबलं की पुन्हा भरतो. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान आणि हार्वर्डमध्ये फिस्क-सुब्बाराव यांना आणखी एक रेणू सापडला, अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे आज दहावीच्या मुलांना पाठ असलेला एटीपी. स्नायूचं खरं इंधन हेच. सुब्बाराव पुढे औषधांच्या संशोधनात गेले, हत्तीरोगावरचं हेट्राझान त्यांच्याच देखरेखीखाली निघालं, आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं. जाता जाता एक सांगतो. व्यायामशाळेत पहिल्या दिवशी जोर काढले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, त्याचा दोष अजूनही लोक लॅक्टिक आम्लाला देतात. ते आम्ल तर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुखतं ते तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

रसायनाची खरी कमाल दुसऱ्या महायुद्धात झाली. १८६४ मध्ये विली क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूतून एक प्रथिन काढून त्याला मायोसिन नाव दिलं होतं. स्नायूचा मुख्य माल तोच मानला जाई. १९३९ मध्ये मॉस्कोत व्लादिमीर एंगेलहार्ट आणि त्यांच्या पत्नी मिलित्सा ल्युबिमोवा यांनी दाखवलं की हे मायोसिन स्वतःच एटीपी फोडतं. म्हणजे यंत्राचा भाग आणि भट्टी एकच. ही बातमी हंगेरीत सेगेड गावी पोहोचली. तिथे आल्बर्ट सेंट-जॉर्जी होते, १९३७चे नोबेलविजेते. क जीवनसत्त्वावरच्या कामात त्यांनी सेगेडच्या प्रसिद्ध लाल मिरच्यांचा ढिगानं उपयोग केला होता. युद्धामुळे बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला, पण सशाचा स्नायू आणि खलबत्ता यांना कुणी बंदी घातली नव्हती. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांनी कुटलेला स्नायू एकदा मिठाच्या पाण्यात रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पाहतात तर द्रावण घट्ट, चिकट झालेलं. आदल्या दिवशी वीस मिनिटांत काढलेलं मायोसिन असं नव्हतं. त्यात एटीपीचा थेंब टाकताच ते पुन्हा पातळ झालं. रात्रभरात दुसरंच काहीतरी मायोसिनला येऊन मिळालं होतं. ते ब्रुनो स्ट्राउब या तरुण सहकाऱ्यानं वेगळं काढलं. हे दुसरं प्रथिन म्हणजे अ‍ॅक्टिन.

मग सेंट-जॉर्जींनी दोन्ही प्रथिनं मिसळून त्यांचे धागे ओढले, शेवया पाडाव्यात तसे, आणि ते उकळलेल्या स्नायूच्या रसात सोडले. त्या रसात एटीपी होताच. धागे डोळ्यांदेखत आखडले. ज्याला आपण हालचाल म्हणतो, जिवंतपणाची पहिली खूण समजतो, ती बशीत घडली होती, आणि त्या बशीत जिवंत असं काहीच नव्हतं. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत थरारक प्रसंग होता, असं सेंट-जॉर्जी पुढे सांगत. पण त्यानंतर थोड्याच काळात त्यांना नाझींपासून लपत फिरावं लागलं.

तर दोन प्रथिनं सापडली, इंधन सापडलं. ती कशी मांडलेली आहेत हे कळत नव्हतं. केंब्रिजमध्ये क्ष-किरणांनी स्नायूचा अभ्यास करून ह्यू हक्स्ली नावाचा तरुण १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेला. पाठोपाठ लंडनच्या किंग्ज कॉलेजातून जीन हॅन्सन तिथेच आल्या. दोघांनी सशाच्या स्नायूचे सुटे धागे घेतले आणि त्यातलं मायोसिन मिठाच्या द्रावणानं धुऊन काढलं. काळा पट्टाच नाहीसा झाला! म्हणजे मायोसिन काळ्या पट्ट्यातच आहे, आणि अ‍ॅक्टिनचे बारीक धागे मधल्या रेघेपासून निघून त्या काळ्या पट्ट्यात शिरलेले आहेत. याचा अर्थ काय होतो हे दोघांच्या लक्षात आलं होतं, पण १९५३च्या पहिल्या लेखात त्यांनी ते लिहायचं टाळलं. वडिलधाऱ्यांचा सल्ला होता की आधी पुरावा छापा, तर्क नंतर.

इकडे केंब्रिजला आणखी एक हक्स्ली होते, अँड्र्यू. ह्यूंशी नातं काही नाही. हे टी. एच. हक्स्लींचे नातू आणि कादंबरीकार आल्डस यांचे सावत्र भाऊ. मज्जातंतूंच्या संकेतांवरच्या कामासाठी त्यांना पुढे १९६३ मध्ये नोबेल मिळालं. साधा सूक्ष्मदर्शक जाड तंतूतल्या पट्ट्यांबद्दल फसवतो, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं वेगळ्या पद्धतीचा सूक्ष्मदर्शक बनवला. रॉल्फ नीडरगर्क यांना बरोबर घेऊन त्यांनी त्याखाली बेडकाचा एकच जिवंत तंतू ठेवला. पुन्हा बेडूकच!

२२ मे १९५४च्या 'नेचर'मध्ये दोन्ही जोड्यांचे लेख लागोपाठ छापून आले. निष्कर्ष एकच. स्नायू आकसताना काळा पट्टा तेवढाच राहतो, फिकट आक्रसतो. कुठलाच धागा आखूड होत नाही. जाड आणि बारीक धागे एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धवट अडकवा आणि तळवे जवळ आणा. बोटं तेवढीच लांब, पण दोन मनगटांतलं अंतर कमी झालं. बस्स, एवढंच. काहीही आत येत नाही, काहीही फुगत नाही. लांबी घटली तेवढी जाडी वाढली, आणि स्वामरडॅमचा थेंब का चढला नाही ते कळलं.

सरकवतं कोण? मायोसिनच्या जाड धाग्यातून बाजूला डोकी निघालेली असतात. १९५७ मध्ये ह्यू हक्स्लींनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे आडवे दुवे दाखवले. विहिरीतून पोहरा शेंदताना आपण एका हातानं दोर धरतो, ओढतो, सोडतो, पुढे धरतो. ही डोकी अ‍ॅक्टिनच्या धाग्यावर तेच करतात. एका ओढीला एटीपीचा एक रेणू, आणि सरकणं मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकं, खरं तर त्याहूनही कमी. पण तुकडे हजारोंनी ओळीत आहेत आणि डोकी अब्जांनी, म्हणून त्यातून पाण्याची घागर उचलली जाते. ओढायला कधी लागायचं, याचा हुकूम कॅल्शियम देतं. मज्जातंतूचा निरोप आला की ते तंतूतल्या कोठारातून बाहेर पडतं. बारीक धाग्यावर ते ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ते ट्रोपोनिन टोकियोच्या सेत्सुरो एबाशींनी १९६०च्या दशकात शोधलं. धरलेला दोर सोडायलाही एटीपी लागतो. मेल्यानंतर काही तासांत प्रेत ताठ होतं ते याच कारणानं. इंधन संपलेलं, डोकी धाग्याला घट्ट धरून बसलेली, सोडायला काही नाही.

हे सगळ्यांनी लगेच मानलं असं नाही. बरीच वर्षं विरोध झाला. १९६६ मध्ये गॉर्डन, अँड्र्यू हक्स्ली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या तंतूला वेगवेगळ्या लांबीवर ताणून दाखवलं की धागे जितके एकमेकांत शिरलेले तितकं बळ जास्त, आणि पूर्ण बाहेर ओढले की बळ शून्य. मग वादाला फारशी जागा उरली नाही. जीन हॅन्सन १९७३ मध्ये मेंदूज्वरानं अचानक गेल्या, वय अवघं त्रेपन्न. स्नायू सरकतो या शोधाला नोबेल कधीच मिळालं नाही. अँड्र्यू हक्स्ली २०१२ मध्ये वारले, ह्यू हक्स्ली २०१३ मध्ये.

अँड्र्यू हक्स्लींना मात्र एक गोष्ट सलत राहिली. त्यांनी जुनी जर्मन पुस्तकं काढून वाचली, तेव्हा आपण नवं म्हणून छापलेलं माप क्राउझेंच्या काळातच घेतलं गेलं होतं, हे त्यांना दिसलं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिफ्लेक्शन्स ऑन मसल' या पुस्तकात त्यांनी ते विसरलं कसं गेलं याचा माग घेतला आहे. एक कारण तांत्रिक : पट्टे इतके अरुंद की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची ताकद तिथे संपत येते, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं दिसायचं. दुसरं कारण तर्काचं होतं, आणि वरवर पाहता बिनतोड. आतड्यांच्या स्नायूंवर पट्टे नसतात, तरी ते आकसतातच. मग पट्ट्यांचा आकसण्याशी संबंध काय, ते मोजत कशाला बसायचं, असं म्हणून लोकांनी पट्टीच खाली ठेवली. आता माहीत आहे की आतड्याच्या स्नायूतही हेच मायोसिन आणि हेच अ‍ॅक्टिन असतं, आणि तिथलेही धागे सरकतातच. ते ओळीत लावलेले नसतात, म्हणून पट्टे दिसत नाहीत एवढंच.